ही कढई लामूची नव्हे

देवळात शिरताना डोके सांभाळा, चौकट बुटकी आहे. गाऱ्हाणे मग घाला. आधी डाव्या हाताच्या खांबाकडे पाहा. ती जी काळी, वाटोळी, पोट बाहेर काढून टांगलेली वस्तू दिसते ती ढाल नव्हे, घंटाही नव्हे. गेल्या साली एका पाहुण्याने तिच्यावर काठी मारून नाद घेऊन पाहिला होता. ती कढई आहे. आपल्या घरच्या कढईपेक्षा रुंद, पातळ पत्र्याची, दोन बाजूंना दोन कान. मघाशी तुमच्यातले कोणीतरी म्हणाले, देवीने खानावळ काढली की काय, आणि सगळे हसलात. हसा. पहिल्यांदा पाहणारा हसतोच. आमचीही सुरुवात हसण्यापासूनच झाली होती, ते पुढे येईल.

बाहेरच्या फलकावर 'लामूची कढई' असे रंगवले आहे. ते चूक आहे. ज्यांनी फलक लावला त्यांना मी सांगून थकलो. ही कढई लामूची नव्हे. पण कोणाची ते कळायला गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी लागते, म्हणून बसून घ्या. वेळजाईसमोर पाय पसरून बसले तरी चालते. ती मासेवाल्या बायकांची देवी आहे, पाय दुखणे तिला माहीत आहे.

मी इथला गुरव. दाजी गुरव म्हणतात मला. देवीची पूजा, दिवाबत्ती, कौल लावणे आणि ही गोष्ट सांगणे, एवढी कामे आमच्या घराण्याकडे चालत आलेली आहेत. पहिली सगळी मानाची. हे शेवटचे मानाचे नाही, ते का तेही कळेल.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या किनाऱ्यावर शिडाची गलबते चालत. एका पावसाळ्याच्या अखेरीस समोरच्या खडकावर एक मोठे परदेशी गलबत फुटले, असे सांगतात. त्यावर माणसे किती होती आणि ती कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही. आमच्या कातळवेळच्या पुळणीला जिवंत लागला तो एकच माणूस, आणि तो म्हणे कढईत बसून आला. माझा यावर विश्वास नाही. कढई तुमच्यासमोर आहे, हिच्यात माझी धाकटी नातसुद्धा मावायची नाही. धरून तरंगत आला असेल. पण सांगताना बसूनच आला असे सांगायचा शिरस्ता आहे, म्हणून तसे सांगितले.

तो चीनच्या दक्षिणेकडचा, कांतोन बंदराच्या बाजूचा. गलबतावर आचारी होता. त्याचे सगळे नाव गावाच्या जिभेला पेलले नाही. त्यातले 'लाम' तेवढे राहिले आणि गावाने त्याचा लामू केला. गावाने त्याला पेज पाजली, जाळी ठेवायच्या मांगरात जागा दिली, अंगावर घालायला सदरा दिला. हे खरे आहे आणि हे सांगायला मला आवडते, कारण पुढे आवडीने सांगावे असे फारसे नाही.

आता रापण म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. होडीतून समुद्रात लांबलचक जाळे गोल सोडतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून अख्खे गाव ओढते. दोराला दोन रांगा लागतात. सगळे समुद्राकडे तोंड करून मागे मागे रेटत येतात. जो दोराला हात लावतो त्याला माशांचा वाटा. आमच्यात वाटा असणे म्हणजे गावात असणे. सोयरीक जुळवतानाही आधी विचारत, रापणीत वाटा आहे ना? वाटा नसलेला माणूस गावात राहिला तरी तो पाहुणाच.

लामू रापणीच्या लोकांसाठी पुळणीवर रांधू लागला. तीन दगड, वर ही कढई, खाली नारळाच्या चुडतांचा जाळ. कढई आतून आरशासारखी घासलेली आणि बाहेरून काजळीने काळीकुट्ट असे. हात असा चाले की ओढकरी जाळे सोडून त्याच्याकडे बघत राहत. आणि त्याचे बोलणे! आमची बोली तो मोडकीतोडकी शिकला, पण तिच्यात आपल्या मुलुखाची फोडणी घालायचा. दोन बायका विहिरीवर गप्पा मारत बसल्या की म्हणायचा, पेज शिजते आहे, अजून वेळ आहे. पेज कशी रटरटत राहते, संपता संपत नाही, तशा गप्पा. ते आमच्या गावात अजून म्हणतात. आता तर घराघरात मोबाइल आहेत, दिवसभर पेज शिजते.

दुसऱ्याचा दोष एखाद्याच्या माथी आला की त्याच्या देशात म्हणत, याने कढई पाठीवर घेतली. ते गावाला फार आवडले. होडीचे सुकाणू कोणाच्या चुकीने मोडले, जाळे कोणी फाडले, असे काही झाले की लोक लामूकडे बघून विचारत, "काय रे लामू, आज कढय कोणाच्या पाठीर?" आणि तो ज्याच्याकडे बोट दाखवी तो मारायला धावे. सगळी थट्टा.

तिसरे बोलणे माकुलाचे. एकदा जाळ्यात माकूल आले, ते बिनकाट्याचे, मऊ पांढऱ्या मांसाचे. लामूने ते स्वच्छ करून त्याचा सपाट तुकडा तापलेल्या कढईत टाकला. टाकताक्षणी तो कडेने उचलला आणि गुंडाळत गुंडाळत त्याची सुरळी झाली. लामू टाळी वाजवून म्हणाला, "बघा, वळकटी! आमच्याकडे नोकर काडलो, तेचा माकूल तळला." मग त्याने समजावले. त्याच्या मुलुखात चाकर मालकाकडे राहायला येताना स्वतःचे अंथरूण घेऊन येतो. मालक जा म्हणाला की त्याने अंथरूण गुंडाळायचे आणि चालू लागायचे. माकूल तळल्यावर वळते तसे. एवढे सांगून त्याने ती सुरळी उलथन्याने दाबून सरळ करू पाहिली, म्हणे. त्याचे स्वतःचेही कधी तळले गेले असावे. लोकांनी तिकडे लक्ष दिले नाही, त्यांना वळकटी दिसली आणि ते पोट धरून हसले.

त्या वेळी रापणीचा म्होरक्या आणि गावचा मानकरी धाकोजी तांडेल होता. माणूस वाईट नव्हता. समुद्रावर त्याच्याइतका धीराचा कोणी नव्हता. पण मानपान म्हटला की त्याच्या डोळ्यांवर झापड येई. लामूने एक दिवस हात जोडून त्याच्याकडे वाटा मागितला. मला पाहुणा ठेवू नका, मला दोर द्या, म्हणाला. परत जायला गलबत मिळत नव्हते, आणि मिळाले असते तरी तिकडे वाट पाहणारे कोणी उरले नसावे. धाकोजी खूश होता. म्हणाला, नारळी पुनवेचे गावजेवण तू रांध. गाव जेवून उठले की पुढच्या ओढीला दोर तुझ्या हातात.

त्या दिवसापासून लामू नारळी पुनवेकडे डोळे लावून बसला. पुळणीवर एकटाच उभा राहून हातात नसलेला दोर ओढून पाही, असे सांगतात.

पुनवेच्या आधी दरवर्षी कल्हईवाला येत असे. पिंपळाखाली भाता लावी आणि घराघरांतली पितळेची भांडी कल्हई करून देई. पहिला मान तांडेलाच्या घरचा. त्यांच्याकडे पितळेचा एक अजस्र टोप होता. गावजेवणाचे कालवण कुठेही शिजो, वाढायचे ते त्या मानाच्या टोपातून, अशी रीत. त्या साली कल्हईवाला येताना वाटेवर सुभद्रा नावाच्या एका विधवेचे घर लागले. तिने हाक मारली, तिची चार भांडी होती, याने म्हटले चला, हे उरकून पुढे जाऊ. धाकोजीला ते कळले.

"आदी तिच्या घराक गेलंस?" तो म्हणाला. "मगे माज्या टोपाक हात लावू नको."

त्याची बायको आवडू हिने टोपाच्या आत बोट फिरवून दाखवले. कल्हई उडाली होती, पिवळे पितळ उघडे पडले होते. धाकोजी म्हणाला, एका वर्षाने काही बिघडत नाही. तांडेलाने घालवले म्हटल्यावर बाकी गावानेही कल्हईवाल्याला बोलावले नाही. तो भाता उचलून निघून गेला. तांडेलाच्या टोपाला यंदा कल्हई नाही, हे त्या दिवशी गावात सगळ्यांना माहीत होते. हे लक्षात ठेवा. लामूला मात्र यातले काही माहीत नव्हते, त्याचे सगळे लक्ष वाटाण्यांकडे होते.

पुनवेला त्याने काळ्या वाटाण्याचे सांबारे केले, मालवणी माणूस ज्याच्यावर जीव टाकतो ते. भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप, आणि त्यात कोकमाची सोले सढळ हाताने, कारण गावाला आंबट आवडते हे तो शिकला होता. त्याच्या कढईत घाणे काढत काढत ते सकाळीच झाले. रीतीप्रमाणे ते मानाच्या टोपात ओतले गेले आणि टोप देवळाच्या पडवीत झाकून ठेवला. समुद्राला नारळ दिल्याशिवाय कोणी जेवायचे नाही, आणि नारळ भरतीला द्यायचा. त्या दिवशी भरती भर दुपारी होती. तोवर ते आंबट सांबारे उघड्या पितळेत बसून राहिले.

पितळेत आंबट कळकते, पोटाला बाधते, हे आपल्या घरी पोरींनाही शिकवतात. पण मानाच्या टोपाला ते लागू नसावे, असे गाव धरून चालले असेल.

पंगत बसली. लोकांनी पहिला घास घेतला, कोणी तोंड वाकडे केले, कोणी म्हणाले जरा तुरट लागते. तरी जेवले, देवीचे जेवण टाकता येत नाही. पान उचलायच्या आत पहिला माणूस पोट धरून बाहेर पळाला. मग एकेक करून अख्खे गाव. पोरे, म्हाताऱ्या, तांडेलाची स्वतःची आई, सगळी ओकून ओकून पडली. देवीची कृपा, कोणी दगावले नाही. पण नारळ देऊनही होड्या लोटायला उभा राहील असा माणूस गावात उरला नाही. सण मोडला. समुद्राचा मुहूर्त चुकला. दर्यावर जगणाऱ्यांना याची किती भीती वाटते ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

लोक उठून बसते झाले तसे एकमेकांना विचारू लागले, हे कशाने झाले? टोप तोवर घासून झाला होता. आवडूने आणि तिच्या हाताखालच्या बायकांनी तो चिंच आणि राख लावून घासला, तेव्हा आतून हिरवे पाणी निघाले होते. त्या एकमेकींकडे बघून गप्प राहिल्या. ज्यांनी टोप उचलला त्यांनी तळाची हिरवट कड पाहिली होती. तेही गप्प राहिले. तांडेलाचे नाव घ्यायचे कोणी? मग पहिल्यांदा कोणीतरी म्हणाले, ती परक्याची काळी कढई, तिच्यात काय काय शिजले असेल कोण जाणे. आणि अख्ख्या गावाने सुटकेचा श्वास टाकला. हे मी वाढवून सांगत नाही. माझ्या वडिलांचे शब्द आहेत, सुटकेचा श्वास टाकला.

देवळात बैठक बसली, इथेच, तुम्ही बसला आहात तिथे. लामू त्या खांबाशी उभा होता. कौल लावायचा ठरला. आमच्याकडे कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. वेळजाईचा कौल कधी खोटा झाला नाही. लावणारा गुरव आमच्या घराण्यातला. त्याचे नाव मी घेत नाही, आणि आमच्यात ते नाव पुन्हा कोणत्या पोराला ठेवलेले नाही.

विचारायला हवे होते, दोष कोणाचा? तांडेल समोर बसला होता. गुरवाने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि देवीला विचारले, "वेळजाई, ह्या जेवाण लामूच्या हातचा काय?"

उजवी पाकळी पडली. पडणारच. जेवण लामूच्याच हातचे होते. देवी खरे बोलली. खोटे आम्ही विचारले होते.

लामूला एवढे कळत होते की पाकळी पडली आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले. कोणीतरी काहीतरी म्हणेल अशी वाट पाहिली असेल. गावातल्या प्रत्येक माणसाने त्याच्या हातचे खाल्ले होते. धाकोजी उठला. म्होरक्या या नात्याने त्याला शिक्षा सांगायची होती आणि सरळ सांगायची लाज वाटत होती, म्हणून त्याने थट्टेचा आधार घेतला.

"लामू," तो म्हणाला, "तुजा माकूल तळला रे."

आणि लोक हसले.

पोट दुखत होते, तोंडे सुकली होती, तरी हसले. लामूचेच शब्द, लामूनेच शिकवलेले, बरोबर जागेवर बसले म्हणून हसले. कल्हईचे माहीत असलेले हसले, हिरवे पाणी पाहिलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आमचा गुरव हसला. मी ही गोष्ट जन्मभर सांगतो आहे. इथे आलो की मला अजूनही खाली बघावेसे वाटते.

लामू हसला नाही, रडलाही नाही. त्याने मांगरात जाऊन अंथरूण गुंडाळले, कढईचे काळे बूड पाठीला लावून ती दोरीने बांधली, वळकटी तिच्या पोकळीत बसवली आणि पुळणीवरून दक्षिणेकडे चालू लागला. गावाने दिलेला पांढरा सदरा अंगात होता, त्याच्यावर काजळी उतरत होती. वळणाच्या माडापर्यंत लोकांना त्याची पाठ दिसत राहिली.

दोन-चार दिवसांनी गाव सावरले, होड्या गेल्या, पहिली रापण सोडली. दोराला रांगा लागल्या. तुम्हाला सांगितले ना, ओढकऱ्यांची तोंडे समुद्राकडे असतात. म्हणजे प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते. आणि तिथे म्हणे प्रत्येकाने पाहिले, पुढच्याच्या पाठीवर काजळीचा वाटोळा काळा डाग आहे. कढईच्या बुडाएवढा.

प्रत्येकाला वाटले, हा मेला यात होता तर, म्हणून देवीने खूण केली. आपली पाठ कोणाला दिसते? सगळ्यात मागच्याला सगळ्यांचे डाग दिसले आणि त्याच्या मागे कोणीच नसल्यामुळे तो फारच खूश झाला. घरी गेल्यावर त्याच्या आईने त्याला त्याचा डाग सांगितला. त्याने तिचा सांगितला. बायका कपडे आपटून दमल्या, सदरे बदलले, उघड्या अंगावरही डाग तसाच. लोक भिंतीला पाठ लावून बोलू लागले. बाजाराला, पाहुण्यांकडे जाणे बंद झाले. एकमेकांचे डाग सगळ्यांना दिसत होते आणि बोलत कोणीच नव्हते.

धाकोजी रोज आंघोळीला बसला की आवडूकडून काथ्याने पाठ घासून घेई. एक दिवस ती घासत राहिली, पाठ लाल झाली, रक्त यायला आले, काळे तसेच. तिने काथ्या खाली टाकला.

"ह्या माज्या हातान जावचा नाय," ती म्हणाली.

"मगे कोणाच्या?"

"तुमच्या तोंडान जायत."

मग तिने स्वतःलाही सोडले नाही. म्हणाली, हिरवे पाणी मी माझ्या हाताने ओतून दिले आणि गप्प बसले, माझ्याही पाठीवर आहे, तुम्ही रोज बघता आणि बोलत नाही.

त्याच दिवशी धाकोजीने बैठक बोलावली. मानाचा टोप स्वतः उचलून आणला, याच पडवीत उपडा केला, सदरा काढला आणि गावाकडे पाठ करून उभा राहिला. "टोप माजो," तो म्हणाला. "कल्हय माज्यामुळा रवली. लामूक मिया घालवलंय." मग गुरवाला म्हणाला, आता सरळ विचार. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारले, दोष धाकोजी तांडेलाचा का? उजवी पडली. त्याने न सांगताच दुसरे विचारले, दोष गुरवाचा का? उजवी पडली. मग बैठकीतून एकेक जण उठून आपले नाव घेऊन विचारू लागला, आणि देवीने कोणाला नाही म्हटले नाही.

तेव्हा लामूला शोधायला निघाले. धाकोजी पुढे, मागे गाव. वाटेत त्यांनी ठरवले की लामूला पालखीत बसवून आणू, रापणीत पुरा वाटा देऊ, घर बांधून देऊ. माणसाला लाज वाटली की तो असा एकदम उदार होतो. दक्षिणेकडच्या खाडीच्या तोंडाशी तर आहे, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. तिथल्या तरवाल्याला विचारले. तो म्हणाला, होता, आणि गेला. एक परदेशी गलबत पाणी भरायला थांबले होते, त्यावर चढून गेला. कुठे, ते त्याने सांगितले नाही.

तरीच्या वडाखाली कढई होती. बाहेरून घासलेली, लखलखीत. तरवाला म्हणाला, वाळू घेऊन दिवसभर घासत बसला होता. मी म्हटले, एवढी चांगली कढई टाकून का जातोस? तर म्हणाला, "ही माजी नाय. जेची आसा तेका दी."

आता कळले ना, फलक चूक कसा?

धाकोजीने ती कढई आपल्या पाठीला बांधली. गावाच्या वेशीपाशी पोहोचेपर्यंत, म्हणे, त्या घासलेल्या लखलखीत बुडाला परत काजळी आली, आणि त्याचा सदरा पाठीवर काळा झाला. तिथून देवळापर्यंत प्रत्येकाने ती पाठीवर घेतली. म्हातारी, पोरेबाळे, आवडू, गुरव. ज्याने घेतली आणि मोठ्याने म्हटले की मी होतो, त्याचा डाग गेला. धाकोजीचा मात्र मरेपर्यंत गेला नाही, असे सांगतात. आवडू नंतर तो घासायची नाही, नुसते पाणी घालायची.

अशी ही कढई. नारळी पुनवेला आजही ती खांबावरून उतरते. खाली करवंट्या जाळून तिला ताजी काजळी धरवतात. मानकरी धुतलेला पांढरा सदरा घालून येतो, कढई पाठीला बांधतो आणि पुळणीवरून चालत जातो, मागून घराघरातला एकेक. तो सदरा त्या दिवशी बदलायचा नाही, काळ्या पाठीनेच समुद्राला नारळ द्यायचा. कल्हईवाले आता मिळत नाहीत, तरी तालुक्याहून एकाला शोधून आणतो. तो आधी सुभद्रेच्या घराण्याकडे जातो, मग तांडेलाकडे. रापणीत एक वाटा बाजूला पडतो, तो वाटेवरच्या कोणाही परक्याचा. तुमच्या दुपारच्या पानात आलेले बांगडे त्या वाट्यातले आहेत.

कामावरून कोणाला काढायचे झाले तर आजही आमच्या गावात त्याचे अंथरूण, बोचके, बॅग काय असेल ते मालकाने स्वतःच्या पाठीवर घेऊन वाटेला लावायचे. गेल्या मे महिन्यात बंदरावरच्या एका हॉटेलवाल्याने ओडिशाच्या आचाऱ्याला काढले. मालक बाहेरून आलेला, त्याला समजावायला जरा वेळ लागला. पण एसटीच्या थांब्यापर्यंत बॅग त्यानेच नेली. आणि माकुलाचे ते शब्द आमच्याकडे आहेत, पण ते कोणी हसत म्हणत नाही. पोराच्या तोंडून चुकून निघाले तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते.

शेवटी कढई खांबावर परत टांगायच्या आधी मी कौल लावतो. आमच्या घराण्याला तेवढा एकच प्रश्न विचारायची आज्ञा आहे, आणि तो सरळ विचारायचा. वेळजाई, लामूने आम्हाला क्षमा केली का? सगळे गाव श्वास धरून बसते. देवी दुसऱ्याच्या मनातले कसे सांगणार? ना उजवी पडते, ना डावी. लोक हळूहळू उठून घरी जातात. मी दिवा लागेपर्यंत बसून राहतो. आजही त्या पाकळ्या तिथेच चिकटून वाळतात, आणि दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी मी त्या नखाने खरवडून काढतो.